पुष्पाबाईची फुंक

"आधी भाटव्यांचं होऊन जाऊ दे," शालीकराम म्हणाला, आणि रश्मीनं ते पांढरं यंत्र ईश्वरदासच्या हातात ठेवलं.

दवनीवाड्याची मंडई होती. दिवाळी आटोपली की गावोगाव मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात, आणि मंडई म्हटली की रहांगडाल्यांच्या घरी पाहुणे ठरलेलेच. शालीकरामची बहीण दुर्गेश्वरी आणि भाटवा, म्हणजे तिचा नवरा ईश्वरदास, आदल्या दिवशीच तिरोड्याहून आले होते. मुलगा चंद्रकुमार गोंदियातलं बियाण्यांचं दुकान बंद ठेवून घरी थांबला होता. सून रश्मी गावातल्याच आरोग्य उपकेंद्रावर अधिकारी. तिला मात्र सुट्टी नव्हती. संध्याकाळी मंडईच्या मैदानावर बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी ती टेबल मांडणार होती आणि त्यासाठी जिल्ह्याहून आलेलं हे यंत्र तिनं घरी आणून ठेवलं होतं. जेवणं झाली, ओसरीवर सतरंज्या पडल्या, तसा दुर्गेश्वरीनं हट्ट धरला की गावाला दाखवण्याआधी आमाले दाखव.

"श्वास रोखून धरा मामाजी. आता हळूहळू फुंका. सगळा बाहेर येऊ द्या," रश्मी सांगत होती. "छातीत बिडीचा धूर जिरलेला असेल तर लाल दिवा लागेल. नसेल तर हिरवा."

ईश्वरदासनं गाल फुगवून फुंकलं. लाल.

"हाव, मग! माल खरा हाय ना!" ईश्वरदास मांडीवर थाप मारत म्हणाला, आणि सगळे हसले. शालीकरामनं फुंकलं तेव्हाही लाल लागला आणि तेव्हा तर जास्तच हसले. चंद्रकुमारनं जन्मात बिडीला हात लावला नव्हता, त्याचा हिरवा. दुर्गेश्वरीचाही हिरवा लागला, तशी ती हिरमुसली.

"मी तर सकाळ-संध्याकाळ दाताले गुडाखूची तंबाखू घासतो. ते नाही दाखवत का व तुही मशीन?"

"ही फक्त धुराची आहे आत्या. गुडाखूचं आपण वेगळं बोलू."

"बाबूजींचं कधी बोलशील?" चंद्रकुमार म्हणाला.

"बोलून बोलून थकली ते," शालीकराम हसत म्हणाला. "माह्या वयात आता सोडून का मिळणार हाय? गेलो तर बिडी ओढतच जाईन."

हे तो नेहमीच म्हणायचा. रश्मीनं नळीचं पांढरं तोंड बदललं आणि यंत्र पुसलं. तेवढ्यात पुष्पाबाई सुपारीची ताटली घेऊन बाहेर आली. दाराशी थांबून तिनं दम घेतला. मागच्या वर्षापासून तिचं हे असंच होतं. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत यायचं तरी मधे टेकायला भिंत लागे.

"वैनी, ये. तूही फुंक," दुर्गेश्वरीनं तिचा हात ओढला.

"मले दमा हाय माय. मी का फुंकू?"

"अव, तेवढीच मजा!"

"जमेल तेवढंच फुंका आई," रश्मी म्हणाली. "जोर नका लावू."

पुष्पाबाईनं हात पुढं केला नाही. यंत्राकडं पाहत राहिली. शालीकरामला नंतर आठवलं, की ती नको म्हणू शकली असती, खोकल्याचं निमित्त करून आत जाऊ शकली असती. तसं तिनं केलं नाही. ताटली खाली ठेवली, पदरानं ओठ पुसले आणि नळी तोंडाला लावली. फुंक अर्ध्यातच तुटली आणि ती खोकत खाली बसली.

दिवा लाल झाला होता.

"भाऊची फुंक राहून गेली असन त्याच्यात," ईश्वरदास म्हणाला.

रश्मीनं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, नळीचं तोंड पुन्हा बदललं. पुष्पाबाईनं न सांगता पुन्हा फुंकलं. पुन्हा लाल.

मैदानाकडून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, कुणीतरी आकाशपाळण्याचं तिकीट ओरडून सांगत होतं. रश्मी घाईघाईनं म्हणाली, "चुलीचा धूर असेल. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं ना आपल्याकडं. लाकडाच्या धुरानंही थोडं वाढतं."

"हाव, चूलच," चंद्रकुमार म्हणाला. "मी कधीचा सांगून राहिलो, गीझर बसवू."

"चूल नाही बाप्पा," पुष्पाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणताना असतो तसा. "आज पाणी गॅसवर तापवलं. बिडी ओढतो मी."

शालीकराम हसला. त्याला वाटलं, इतकी वर्षं हिनं कधी थट्टा केली नाही आणि आज पाव्हण्यांसमोर जमवली. त्यानं हसत हसत बहिणीकडं पाहिलं. दुर्गेश्वरीच्या तोंडावर हसू नव्हतं. मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग तो बायकोकडं वळला.

"का म्हणतेस?"

"ऐकलं ना जी तुमी."

"कवापासून?"

पुष्पाबाईनं ताटली उचलून नणदेपुढं धरली. दुर्गेश्वरीनं ती हातानं दूर सारली.

"अव माय माय माय! बाईमाणूस होऊन बिडी! अन् भाऊ, तुले पत्ता नाही? एका खोलीत झोपतेत तुमी!"

तोच तर प्रश्न शालीकरामच्या डोक्यात घण घालत होता. एका खोलीत. एका ताटलीतलं खारवलेलं चिंचबोर खाल्लं, दोघांनी एका गाडीवर बसून अर्धा जिल्हा पालथा घातला. हिच्या अंगाला वास कसा आला नाही? आणि मग त्याला आपल्याच सदऱ्याचा वास आला. उशीला, घोंगडीला, दाराच्या पडद्याला, साऱ्या घराला त्याच्या बिडीचाच वास होता. तिला लपवायला त्यानंच आडोसा बांधून दिला होता.

दुर्गेश्वरीनं उठून रस्त्याकडचं दार लोटलं. "हे पाहा, ही गोष्ट या ओसरीच्या बाहेर नाही गेली पायजे. मी टीनासाठी स्थळ आणून राहिलो." टीना म्हणजे शालीकरामची धाकटी मुलगी, नागपुरात शिकणारी. "सोयऱ्याले कळलं, की पोरीची माय बिडी ओढते, तर उंबऱ्यावर येतीन का ते?"

"टीनाचा बाप ओढतो, ते त्यांना चालतं ना आत्या?" रश्मी म्हणाली.

"बापाचं वेगळं असते व! अन् हे का आपल्या घरातलं वळण हाय? माहेराहून आलं हे. केशोरीकडं बाया ओढतेत, मी डोळ्यानं पाह्यलं."

पुष्पाबाईचं माहेर जंगलपट्टीतल्या केशोरीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून काही उणं निघालं की ते केशोरीच्याच खाती जमा व्हायचं, हे घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शालीकरामनं मान हलवली. असंच असणार. दुसरं काय असणार? त्याला एकदम बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यामागून राग वर आला.

"जंगलातलं वळण माह्या घरात चालवलंस," तो म्हणाला. "अन् मी वर्षभर तुह्यासाठी ओसरीवर येऊन बिडी ओढून राहिलो. थंडीत!"

"हाव. डॉक्टरनं सांगितलं म्हणून."

"त्याच डॉक्टरले काऊन नाही सांगितलं माय?" चंद्रकुमार पुढं सरकला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "मीच तर नेत होतो तुले गोंदियाले. त्यानं पंप देल्ला, मग दुसरा पंप देल्ला. तरी फरक नाही. फोटो काढले छातीचे. तवा तरी सांगाचं होतं."

"मले कोठी विचारलं त्यानं? तुह्या बाबूजीले विचारलं."

पहिल्या खेपेला शालीकरामही सोबत गेला होता; तो दवाखाना त्याच्या डोळ्यापुढं आला. मधे पुष्पाबाई स्टुलावर बसलेली, मागं तो उभा. डॉक्टरनं तिच्या डोक्यावरून त्याच्याकडं पाहिलं होतं. "चाचाजी, बीडी पीते हो? बंद करो. घर की औरत को तकलीफ हो रही है." त्यानं मान खाली घातली होती. आणि स्टुलावरची बाईही खालीच पाहत होती. ती आपल्यासाठी लाजून खाली पाहते आहे, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"मशीननं विचारलं आज," पुष्पाबाई म्हणाली. "माणसानं कोणी नाही विचारलं."

रश्मीच्या हातातलं यंत्र तिच्या मांडीवर निसटलं. ती सासूकडं पाहत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. "मीही नाही विचारलं," ती हळूच म्हणाली. "या गावातला एक माणूस सोडला नाही मी. पानठेल्यावर जाऊन विचारलं, शाळेत जाऊन विचारलं. बाईला विचारायचं माझ्या मनातच नाही आलं. आणि तुम्हाला तर रोज पंप ओढताना पाहते मी." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती आणखी पांढरी पडली. "हा दमा नसेलच कदाचित. बिडीनं फुफ्फुसं निकामी होत जातात, त्यातही असाच दम लागतो. त्याचं पहिलं औषध बिडी सोडणं आहे, आई. बिडी सुरू राहिली तर पंप तरी काय करणार?"

"म्हंजे मरन का ते?" ईश्वरदास म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता. खिशातला बिड्यांचा कट्टा त्यानं नकळत हातानं झाकला होता.

"आता सोडली तर जेवढं बिघडलं तेवढ्यावर थांबवता येईल. तेही सोडायला मदत मिळाली तर. नुसतं सोड म्हणून कुणाची सुटत नाही."

चंद्रकुमारचं या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. तो आईकडं एकटक बघत होता. "माय," तो म्हणाला, "बिड्या कोठून आणत होतीस?"

पुष्पाबाई पहिल्यांदाच अडखळली. "बाबूजीच्या कट्ट्यातून."

"मी आठवीत होतो तवाही?"

ती ताटलीतली सुपारी सारखी करू लागली.

"मले बैलाच्या दाव्यानं मारलं होतं बाबूजीनं. कट्ट्यातल्या बिड्या कमी होतेत म्हणून. मी शपथा घेत होतो देवाच्या. तू दारात उभी होतीस."

"उभी होती."

"तुले माहीत होतं."

"माहीत होतं रे."

चंद्रकुमार उठला. मघापर्यंत तो आईची बाजू सावरत होता. त्यानं चपला घातल्या आणि मैदानाच्या दिशेनं निघून गेला. रश्मी अर्धवट उठली आणि परत बसली. शालीकराम स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. पोरानं बिडी चोरली म्हणून त्यानं मारलं होतं, आणि त्या दिवसानंतर पोरानं बिडीला हात लावला नाही म्हणून तो चारचौघांत फुशारकी मारत आला होता.

दुर्गेश्वरीनं रडायला सुरुवात केली. ईश्वरदास तिला मंडईत चल म्हणू लागला, पण ती जागची हलेना.

पुष्पाबाई मागच्या अंगणात गेली. तिथं कापलेल्या धानाच्या कडपा आणायच्या आधी झाडूनपुसून ठेवलेली मोकळी जागा होती, तिथं बाजेवर बसली. थोड्या वेळानं रश्मी गेली. मग शालीकरामही गेला. भांडायला गेला होता खरं तर. पण दोघी बोलत होत्या, आणि तो दारातच थांबला.

"दिवसातून किती वेळा आई?"

"सकाळी उठल्याबरोबर एक तर पायजेच. मग जमन तशी."

"उठल्याबरोबर लागते म्हणजे शरीराला सवय झाली आहे. ते तुमचं कमजोर मन वगैरे काही नाही. च्युइंगमसारखं औषध आहे, तलफ आली की चघळायचं. मी रोज बोलीन तुमच्याशी. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप जाईल. पण होतं." रश्मीनं जरा थांबून विचारलं, "सुरू कधी केली? केशोरीला?"

"केशोरीत तर माह्या बापानं तंगडी तोडली असती," पुष्पाबाई म्हणाली आणि हसली. हसताना तिला दम लागला. "इथीच. लग्नाच्या साली, धानाच्या पहिल्या रोवणीत. आमच्या तिकडं माती भुरकट, इथली चिखलाची बांधी मोठी खोल. अन् जळवा अशा! मी बांधीतून पाय वर काढला तर पोटरीले काळ्या पट्ट्या. मी बोंबलली. सासू, जावा सगळ्या हासून राहिल्या. हे नांगर सोडून पळत आले."

शालीकरामनं दाराची चौकट धरली.

"यायनं बिडी पेटवली अन् माह्या हातात देल्ली. म्हणे, जळूले चटका दे, गळून पडते. मी एक काढली, दुसरीपर्यंत बिडी विझाले लागली. तर म्हणे, ओढत राह्य, नाही तर विझन. मी ओढली. खोकली. हे इतके हासले! मी असं हासताना यायले पहिल्यांदा पाह्यलं होतं. मग पुरी रोवणी, रोज, बांधीवर बसून माह्या हातात एक पेटवून देत. जळू असो का नसो." तिनं दम घेतला. "रोवणी सरली, अन् यायनं देणं सोडलं. मले मात्र लागून गेली होती."

शालीकरामला ती रोवणी आठवत होती. बैलांची नावं आठवत होती. त्या साली धान किती झाला ते आठवत होतं. नव्या नवरीच्या पोटरीवरची जळू आणि तिच्या हातातली बिडी मात्र त्यानं कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. तिनं सांगितलं नसतं तर ती गोष्ट जगात झालीच नव्हती. आणि तिच्यासाठी ती रोज सकाळी होत होती. तो उंबऱ्यावरच बसला.

"खरं सांगून राहिलीस?" त्यानं विचारलं.

पुष्पाबाईनं वळून पाहिलं. तो तिथं आहे याचं तिला नवल वाटलं नाही. "खोटं बोलाची असती तर चुलीचं नाव घेतलं नसतं का?"

दिवेलागणीला, रश्मी टेबल मांडायला निघायच्या बेतात असताना, चंद्रकुमार परत आला. सकाळी आईनं मंडईतून आणायला सांगितलेल्या बांगड्या घेऊन आला होता, त्या तिच्या बाजेवर ठेवल्या. दुर्गेश्वरी डोळे पुसून उठली आणि भावाला बाजूला घेऊन सांगू लागली, की मी सारा विचार केला, वैनीले थोडे दिवस केशोरीले पाठव, तिच्या भावाले निस्तरू दे, वळण त्यायचंच हाय ना.

"केशोरीचं नाव नोको घेऊ आता," शालीकराम म्हणाला.

"काऊन? खोटं हाय का?"

"खोटं हाय." तो मोठ्यानं बोलला. चंद्रकुमार, रश्मी, ईश्वरदास, सगळ्यांनी माना वर केल्या. "तिच्या माहेराहून काही नाही आलं. पहिली बिडी मी देल्ली तिले. माह्या हातानं पेटवून. अन् मले आठवतही नाही."

दुर्गेश्वरी तोंड उघडं ठेवून पाहत राहिली.

"मी सोडतो," शालीकराम बायकोकडं वळून म्हणाला. "तुह्यासाठी सोडतो. तूही सोड."

"माह्यासाठी नोको. तुमचं तुमी पाहा," पुष्पाबाई म्हणाली. "तुमी सोडाल म्हणून मी सोडून नाही राहिली. मले श्वास पायजे." मग म्हणाली, "पण कट्टा मात्र घरात नोको ठेवू जी. तेवढं करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उपकेंद्राकडं निघाले. मैदानावर दुकानांची मोडामोड सुरू होती. शालीकरामला सवयीप्रमाणे पुढं चालायची घाई. पाण्याच्या टाकीपाशी वळून पाहिलं तर ती मागं, विजेच्या खांबाला धरून उभी. तो परत गेला आणि तिच्याजवळ थांबला. त्याची स्वतःची सकाळची बिडी झाली नव्हती, तोंड कडवट झालं होतं, हात काहीतरी शोधत होते.

रश्मीनं दोघांचं बोलून घेतलं, औषध दिलं, ते कसं चघळायचं ते दाखवलं, आणि पुष्पाबाईच्या छातीची तपासणी करायला गोंदियाला कधी जायचं ते ठरवलं. मग दोघं बाहेर बाकावर टेकली. आत पुढची बाई गेली. फुलवंता, भजनी मंडळाच्या जागेश्वरची बायको. पहाटे अंगण सारवून रांगोळी काढणारी, कधी कुणाशी वर तोंड करून न बोलणारी. बीपीच्या गोळ्या न्यायला आली होती. दार उघडंच होतं. रश्मीनं हाताला पट्टा बांधला, मोजलं, गोळ्या दिल्या.

"काकू," ती म्हणाली, "तंबाखू, गुडाखू, बिडी, यातलं काही घेता का?"

शालीकरामला ओशाळल्यासारखं झालं. जागेश्वरच्या बायकोला असं विचारायचं? आता ही रागावून उठणार, आणि संध्याकाळपर्यंत जागेश्वर घरी भांडायला येणार. त्यानं पुष्पाबाईकडं पाहिलं. ती गम चघळत समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

आत फुलवंताची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम," ती म्हणाली, "दार लावून घ्या ना जी."

रश्मी उठून आली. तिनं सासऱ्याकडं पाहिलं नाही. दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज झाला.